रशियन भाषक विद्यार्थ्याची इंग्रजी शब्दसंपदा बी-२ पातळीवर का अडते?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. आपण पुण्याहून ऑनलाइन इंग्रजी शिकवता आणि आपल्याला कामापुरते रशियन येते. आपला विद्यार्थी नोव्होसिबिर्स्कचा यांत्रिक अभियंता असून त्याची पातळी बी-२ (युरोपीय भाषाचौकटीतील मध्यमच्या वरची पातळी) आहे. तांत्रिक लेख वाचताना तो अडखळत नाही, मात्र लिहायला किंवा बोलायला बसला की तेच ते मोजके शब्द फिरवत राहतो. त्याने कुठून तरी तीन हजार ‘प्रगत’ शब्दांची यादी मिळवली आहे. त्यातले तीस शब्द तो रोज पाठ करतो आणि आठवडा उलटेपर्यंत बहुतेक विसरतो. यासाठी कोणती यादी चांगली, रोज किती शब्द द्यावेत आणि अर्थ रशियनमधून सांगावा की इंग्रजीतूनच, असे आपण तीन प्रश्न विचारले आहेत.

मी रशियन भाषा पुण्यातच, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो आणि त्यानंतर बरीच वर्षे रशियन भाषक प्रौढांना इंग्रजी शिकवत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या विद्यार्थ्याची अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही. या पातळीवरच्या सुशिक्षित रशियन माणसाला प्रगत इंग्रजी शब्दांपैकी फार मोठा भाग दिसताक्षणी ओळखू येतो. अडचण अशी, की हे अर्धवट ओळखीचे शब्द नेमके कुठपर्यंत चालतात, कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात आणि कोणत्या प्रसंगी शोभतात, हे त्याला माहीत नसते. त्यामुळे लिहिताना तो बिचकतो आणि खात्रीच्या शब्दांकडे परततो. नवी यादी दिल्याने हे बिचकणे जात नाही.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्याला आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल, तर लेखनाच्या चार समान निकषांपैकी एक शब्दसंपदेचा असतो आणि तिथे कमी प्रचलित शब्द वापरताना शैलीचे व शब्दांच्या सोबतीचे भान आहे का, हे पाहिले जाते. नुसते अवघड शब्द पेरून गुण मिळत नाहीत. त्याला परदेशी सहकाऱ्यांशी ई-मेलवर बोलायचे असेल, तर प्राधान्य निराळे. शिवाय सगळे रशियन भाषक एका साच्यातले नसतात. अल्माटीतील माणूस घरी कझाक आणि कामावर रशियन बोलत असतो, तर कुणी शाळेत इंग्रजीऐवजी जर्मन शिकलेला असतो. खाली जे सांगतो आहे ते प्रामुख्याने रशियन ही पहिली भाषा असलेल्या, शिकलेल्या प्रौढ माणसाबद्दल आहे, असे समजावे.

आता यादीविषयी. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कादंबरी किंवा वृत्तपत्र मदतीशिवाय वाचताना मजकुरातील 98 टक्के शब्द ओळखीचे असायचे असतील तर 8,000 ते 9,000 शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कूळ) यावी लागतात. हा आकडा ऐकून विद्यार्थी हादरतो आणि पाठांतराला लागतो. पण त्या आकड्यातला बराचसा भाग रशियन माणसाला जवळजवळ फुकट मिळालेला असतो, हे त्याला कुणी सांगत नाही. एखादी यादी हवीच असेल, तर न्यूझीलंडमधील व्हिक्टोरिया विद्यापीठात ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी तयार केलेली आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ घ्या. तिच्यात 570 शब्दकुळे आहेत आणि शैक्षणिक लेखनातील साधारण दहा टक्के शब्द त्यांत येतात. तिचा पहिला टप्पा साठ शब्दकुळांचा आहे. तो रशियन डोळ्यांनी वाचून पाहा: ॲनालिसिस, कॉन्टेक्स्ट, फॅक्टर, फंक्शन, मेथड, प्रोसेस, स्ट्रक्चर, थिअरी. यांतल्या प्रत्येकाला रशियनमध्ये सख्खे भावंड आहे. पीटर द ग्रेटच्या काळापासून जर्मन, डच, पोलिश आणि पुढे फ्रेंचमधून लॅटिन-ग्रीक मुळांचे शब्द रशियनमध्ये येत राहिले. इंग्रजीत तीच मुळे 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे आणि नंतर थेट लॅटिनमधून आली. त्या साठांपैकी निम्म्याच्या आसपास शब्द आपला विद्यार्थी आत्ताच ओळखेल.

म्हणून माझ्या वर्गात पहिले काम पाठांतराचे नसते, वर्गवारीचे असते. विद्यार्थ्याने हे साठ शब्द घेऊन तीन रकाने करायचे. पहिल्यात रशियनमध्ये रूपही आहे आणि अर्थही तोच आहे असे शब्द. दुसऱ्यात रूप आहे पण अर्थ सरकलेला आहे असे शब्द. तिसऱ्यात रशियनमध्ये जोडीदारच नसलेले, म्हणजे ‘अव्हेलेबल’, ‘एव्हिडन्स’, ‘इश्यू’, ‘इन्व्हॉल्व्ह’, ‘अझ्यूम’ असे. पहिल्या रकान्यावर वेळ घालवायचाच नाही, फक्त उच्चार तपासायचा. सगळी मेहनत दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यावर करायची. रकाने भरताना विद्यार्थ्याचे दुसऱ्या रकान्याविषयीचे अंदाज चुकतात आणि त्या चुकांतूनच आपल्याला त्याचा अभ्यासक्रम मिळतो.

फसव्या जोड्यांची पुस्तकी उदाहरणे इथे उपयोगाची नाहीत. रशियन ‘मगाझीन’ म्हणजे दुकान, हे बी-२ च्या माणसाला पक्के ठाऊक असते. धोका असतो तो अर्थ थोडासाच सरकलेल्या शब्दांत. रशियात परिषदांची नावे सर्रास ‘अक्तुआल्निये प्रोब्लेमी’ने, म्हणजे त्या क्षेत्रातील आजच्या, ज्वलंत प्रश्नांनी सुरू होतात. विद्यार्थी त्याचे ‘ॲक्चुअल प्रॉब्लेम्स’ करतो आणि इंग्रज वाचकाला वाटते, की बाकीचे प्रश्न काल्पनिक होते. आश्वासक तंत्रज्ञान त्याच्या लेखणीतून ‘पर्स्पेक्टिव्ह टेक्नॉलॉजी’ होऊन येते. प्रकल्प ‘रिअलाइझ’ केला जातो, कारण रशियनमध्ये ‘रेआलिझोवात’ म्हणजे अमलात आणणे. ‘ऑथॉरिटी’ पाहिल्यावर त्याला ‘अव्तोरितेत’ आठवतो, ज्यात अधिकारापेक्षा दबदबा आणि मान जास्त आहे (गुन्हेगारी जगतातल्या बड्या आसामीलाही रशियनमध्ये हाच शब्द लावतात). अभियंत्याच्या बाबतीत तर ‘कंट्रोल’ हा खरोखर जपून वापरायचा शब्द आहे. रशियन ‘कंत्रोलीरोवात’मध्ये तपासणे, लक्ष ठेवणे हा अर्थ ठळक असतो. त्याने ‘आम्ही तापमान कंट्रोल केले’ असे इंग्रजीत लिहिले, तर वाचणारा समजेल की तापमान ठरावीक पातळीवर राखले. त्याला म्हणायचे असते की वेळोवेळी नोंदले. तसेच अहवालात ‘मार्चचे पहिले डिकेड’ दिसले तर दचकू नका, कारण रशियन ‘देकादा’ दहा दिवसांची असते.

जाता जाता एक मराठी धागा. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना हाच सापळा उलट बाजूने लागतो. रुग्ण ‘अंगीना’ झाल्याचे सांगतो तेव्हा तो घशाबद्दल, टॉन्सिलच्या दाहाबद्दल बोलत असतो, हृदयाबद्दल नाही.

तिसऱ्या रकान्यातले शब्द लक्षात ठेवायला रशियन माणसाकडे एक सुंदर साधन आहे आणि ते त्याच्याकडून क्वचितच वापरले जाते. रशियनमधले बरेच अमूर्त शब्द लॅटिन किंवा फ्रेंच शब्दांचे तुकड्या-तुकड्याने भाषांतर करून घडवलेले आहेत. ‘इम्प्रेशन’मध्ये आत आणि दाबणे आहे, ‘व्पेचात्लेनिये’मध्येही आत आणि ठसा आहे. ‘इन्फ्लुअन्स’मध्ये आत वाहणे आहे, ‘व्लियानिये’मध्ये आत ओतणे. ‘कॉन्ट्रडिक्शन’ आणि ‘प्रोतिवोरेचिये’, दोन्हींत विरुद्ध बोलणे. ‘कम्पॅशन’ आणि ‘सोस्त्रादानिये’, दोन्हींत सोबतीने सोसणे. ‘सर्कम्स्टन्स’ आणि ‘ओब्स्तोयातेल्स्त्वो’, दोन्हींत भोवती उभे असणे. उपसर्ग आणि धातू यांची ही मांडणी संस्कृतमुळे आपल्यालाही परकी नाही, त्यामुळे मराठी शिक्षकाला ती फळ्यावर उलगडून दाखवणे सोपे जाते. मात्र हे साधन शब्द स्मरणात रुतवण्यापुरते आहे. आजचा अर्थ त्यावरून ठरवायला गेले तर घोटाळा होतो.

यापेक्षाही रशियन भाषेचा खास असा एक प्रश्न आहे, आणि तो मी कोणत्याही तयार यादीत पाहिलेला नाही. रशियन क्रियापदे बहुधा जोडीने येतात, एक अपूर्ण क्रियेचे, दुसरे पूर्ण झालेल्या क्रियेचे. इंग्रजीत पुष्कळदा या जोडीसाठी दोन पूर्णपणे वेगळी क्रियापदे लागतात. ‘स्दावात’ परीक्षा म्हणजे परीक्षा देणे, इंग्रजीत ‘टेक’. ‘स्दात’ परीक्षा म्हणजे उत्तीर्ण होणे, इंग्रजीत ‘पास’. विद्यार्थी ‘आय पास्ड द एक्झॅम फॉर थ्री अवर्स’ म्हणतो त्यामागे हे आहे. ‘उगोवारिवात’ म्हणजे मन वळवण्याचा प्रयत्न करत राहणे, त्याला इंग्रजी ‘अर्ज’ (urge) चालते. ‘उगोवोरीत’ म्हणजे मन वळवण्यात यश येणे, तिथे ‘पर्स्वेड’च हवे. ‘दोकाझीवात’ला संदर्भानुसार ‘आर्ग्यू’, ‘दोकाझात’ला ‘प्रूव्ह’. विद्यापीठात ‘पोस्तुपात’ म्हणजे ‘अप्लाय’, ‘पोस्तुपीत’ म्हणजे ‘गेट इन’. शब्दकोशात या जोड्या बहुधा एकाच नोंदीखाली असल्यामुळे तो दोन्हींसाठी एकच इंग्रजी क्रियापद पाठ करतो. अशा जोड्यांची वेगळी वही करायला लावा. अभियंत्यासाठी ‘रेशात’ आणि ‘रेशीत’पासून सुरुवात योग्य ठरेल. पहिले म्हणजे प्रश्नावर काम करणे, दुसरे म्हणजे तो सोडवणे, आणि इंग्रजीत दोन्हींना ‘सॉल्व्ह’ म्हटले की प्रकल्पाची स्थितीच चुकीची कळवली जाते.

याचीच दुसरी बाजू नामे आणि विशेषणे यांत दिसते. रशियनमध्ये शब्द एक, इंग्रजीत दोन. ‘पोलितिका’साठी ‘पॉलिटिक्स’ आणि ‘पॉलिसी’, ‘बेझोपास्नोस्त’साठी ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’, ‘वोझ्मोझ्नोस्त’साठी ‘पॉसिबिलिटी’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’, ‘उदोब्नी’साठी ‘कम्फर्टेबल’ आणि ‘कन्व्हीनियंट’. इथे व्याख्या पाठ करून काही साधत नाही. एकाच विषयावरची दोन-दोन वाक्ये शेजारी ठेवावी लागतात. कारखान्यातील ‘सेफ्टी’ म्हणजे कामगाराचा हात यंत्रात जाऊ नये ही काळजी आणि कारखान्याची ‘सिक्युरिटी’ म्हणजे बाहेरचा माणूस आत येऊ नये ही काळजी, एवढे त्याच्याच कामाच्या जागेवर नेऊन दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही.

इथवरच्या मजकुराचा मथितार्थ इतकाच, की ओळखीचे शब्द वेगळे काढा, सरकलेले अर्थ तपासा आणि जिथे रशियनचा एक शब्द इंग्रजीत फुटतो त्या जागा शोधा. एवढ्याने चुका कमी होतील. भाषा प्रगत वाटण्यासाठी शब्दांची सोबत आणि शैली यांकडे वळावे लागते.

सोबतीबद्दल मी एकच शिस्त पाळतो: वही नामांची ठेवायची. ‘डिसिजन’ हे नाम मधे लिहायचे आणि त्याच्याभोवती त्याच्यासोबत येणारी क्रियापदे: ‘मेक’, ‘रीच’, ‘पोस्टपोन’, ‘रिव्हर्स’. रशियनमध्ये निर्णय ‘स्वीकारतात’, म्हणून विद्यार्थी ‘अ‍ॅक्सेप्ट अ डिसिजन’ लिहितो आणि अर्थ दुसऱ्याचा निर्णय मान्य करणे असा होऊन बसतो. रशियन पाऊस ‘बलवान’ असतो, इंग्रजी पाऊस ‘हेवी’. काही सोबती दोन्ही भाषांत सारख्याच आहेत, जसे भूमिका बजावण्यासाठी ‘प्ले अ रोल’ किंवा कडक चहासाठी ‘स्ट्राँग टी’. त्या शिकवायला वेळ दवडू नये. शंका आली की अमेरिकन इंग्रजीचा ‘कोका’ हा शब्दसंग्रह उघडावा, ज्यात एक अब्जाहून अधिक शब्दांचा मजकूर आहे. एखाद्या नामाआधी कोणती क्रियापदे खरोखर येतात हे तिथे मिनिटभरात दिसते. विद्यार्थी अभियंता असेल तर त्याला हे शोधकाम मनापासून आवडते, असा माझा अनुभव आहे.

शैलीचा प्रश्न नाजूक आहे. रशियन कार्यालयीन भाषेत क्रियापद सोडून नामांची माळ ओवण्याची सवय फार जुनी आहे. रशियन लेखक कोर्नेय चुकोव्स्की यांनी तिला ‘कान्त्सेल्यारित’ असे एखाद्या आजाराला शोभेल असे नाव दिले होते. ही सवय इंग्रजीत आली, की ‘आम्ही पंप तपासले’ याऐवजी ‘पंपांच्या तपासणीचे कार्यान्वयन करण्यात आले’ अशा धाटणीची वाक्ये येतात आणि विद्यार्थ्याला वाटते, की हेच प्रगत इंग्रजी. त्याला उलट सांगावे लागते. लॅटिन वळणाचे शब्द त्याच्याकडे भरपूर आहेत. खरा तुटवडा आहे तो ‘रूल आउट’, ‘अकाउंट फॉर’, ‘फेज आउट’, ‘ब्रिंग अबाउट’, ‘कॅरी आउट’ अशा जोडक्रियापदांचा. यांना तो बोलीतले, हलके समजतो, पण ‘रूल आउट’ आणि ‘कॅरी आउट’ संशोधन निबंधांतही पानोपानी सापडतात.

ही जोडक्रियापदे शिकवताना पुन्हा रशियन उपसर्ग मदतीला येतात. ‘वी’ हा बाहेर काढण्याचा उपसर्ग आणि इंग्रजी ‘आउट’ यांचे चांगले जमते: ‘वीचेर्कनूत’ म्हणजे ‘क्रॉस आउट’, ‘वीरेझात’ म्हणजे ‘कट आउट’, ‘वीयास्नीत’ म्हणजे ‘फाइंड आउट’. शेवटच्या जोडीत प्रत्यक्ष काहीच बाहेर येत नाही, तरी दोन्ही भाषांनी माहिती आतून बाहेर आणण्याची तीच कल्पना वापरली आहे. इतके दाखवले, की जोडक्रियापदे हा निव्वळ लहरी प्रकार नाही असा विश्वास विद्यार्थ्याला येतो. सगळ्याच ठिकाणी असा मेळ बसत नाही, आणि तो ओढूनताणून बसवू नये.

उच्चाराकडे दुर्लक्ष केले, तर डोळ्यांना ओळखीचा शब्द कानांना अनोळखी राहतो. रशियनमध्ये जुन्या उसन्या शब्दांतील ‘ह’ अनेकदा ‘ग’ झाला आहे, त्यामुळे ‘हायपॉथेसिस’ त्याच्या मनात ‘गिपोतेझा’ म्हणून साठवलेला असतो. आघातही बदलतात. इंग्रजी ‘डेफिसिट’चा आघात पहिल्या शब्दावयवावर, रशियन शब्दाचा शेवटच्या. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक शब्दाचा उच्चार एकदा ऐकवून म्हणून घ्या. या रकान्याला एवढेच काम पुरते.

रोज किती शब्द, या प्रश्नाला माझे उत्तर आठ ते दहा असे आहे आणि तेही त्याच्या स्वतःच्या वाचनातून उचललेले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी 1885 मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला तेव्हापासून ठाऊक आहे, की पाठ केलेल्या गोष्टींतला मोठा भाग सुरुवातीलाच गळतो आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ही गळती रोखते. आंकीसारखे उजळणीच्या कार्डांचे, बहुतेक उपकरणांवर मोफत असलेले साधन उजळणीचा हिशेब ठेवते, पण रोज तीस नवे शब्द घातले तर काही आठवड्यांतच उजळणीचा ढीग इतका वाढतो, की माणूस ते साधनच उघडणे सोडून देतो. कार्डाच्या एका बाजूला रशियन शब्द आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द, अशी कार्डे करू देऊ नका, कारण वर सांगितलेल्या साऱ्या चुका त्याच रचनेतून पक्क्या होतात. एका बाजूला संपूर्ण रशियन वाक्यांश, दुसऱ्या बाजूला संपूर्ण इंग्रजी वाक्यांश, किंवा इंग्रजी वाक्यात गाळलेली जागा, अशी रचना ठेवा. आठवड्याला त्याच्या कामाविषयीचा एक परिच्छेद लिहून घ्या. तपासताना चुकांखाली रेघ ओढाच, शिवाय जिथे त्याने ‘गुड’, ‘बिग’, ‘व्हेरी’, ‘प्रॉब्लेम’ लिहून वेळ मारून नेली आहे तिथेही वेगळ्या रंगाची रेघ ओढा. पुढच्या आठवड्याचे शब्द त्या दुसऱ्या रेघांतून निवडायचे.

राहिला रशियन की इंग्रजी हा प्रश्न. मी दोन्ही वापरतो, पण कामे वाटून देतो. शब्दाची सीमा दाखवताना रशियनमधला एक मिनिट इंग्रजीतल्या दहा मिनिटांचे काम करतो. सोबत आणि शैली मात्र इंग्रजी उदाहरणांतूनच, शक्यतो परभाषकांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातून. मराठी शिक्षक म्हणून आपल्याला एक जादा सावधगिरी घ्यावी लागेल. ‘कम्फर्टेबल’ आणि ‘कन्व्हीनियंट’ यांत आपली गल्लत होत नाही, कारण आपल्याकडे आरामदायी आणि सोयीचे हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे विद्यार्थी इथे अडखळेल हे आपल्याला आधी सुचतच नाही. उलट रशियन माणूस ‘ॲडव्हायसेस’, ‘रिसर्चेस’, ‘नॉलेजेस’ असे लिहितो, कारण त्याच्या भाषेत हे शब्द बिनदिक्कत अनेकवचनात येतात. आपल्याकडच्या इंग्रजीतही ‘ॲडव्हायसेस’ कानावर पडत असल्याने ती चूक आपल्या नजरेतून निसटू शकते. अशा नामांसाठी स्वतःच्या कानावर विसंबू नका, शब्दकोशात नाम मोजता येणारे आहे की नाही याची खूण पाहूनच शेरा लिहा. पुढच्या तासापूर्वी त्याच्याकडून कामावर लिहिलेले, गोपनीय नसलेले दहा-बारा इंग्रजी ई-मेल मागवून घ्या आणि दुसरा रकाना त्यांतूनच भरायला सुरुवात करा.